बुटक्या दाराचा कोन

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आधी ऐका, मग पडताळून पाहा. मी एक जुना गुण्या आहे. तुमच्या कंपासपेटीतला पारदर्शक, हलका गुण्या नव्हे. फळ्यावर आकृत्या काढायला असतो तो, दोन फूट उंच, लाकडी, मधोमध धरायला मूठ असलेला. माझा एक कोन नव्वद अंशांचा, एक साठचा आणि एक तीसचा. कोन तीन असले तरी स्वभाव एकच आहे, संशयी.

संशयी माणसाला लोक नावे ठेवतात, हे मला ठाऊक आहे. पण माझा तो धंदाच आहे. समोरच्या कोपऱ्यावर गुण्याने डोळे मिटून विश्वास ठेवला, तर गुण्या हवाच कशाला?

माझा जन्म एका सुतारकाकांच्या दुकानात झाला. त्यांनी माझ्यासाठी एका मोडक्या पलंगाची फळी निवडली होती. नवे लाकूड त्यांना चालत नसे. ते म्हणत, "नवं लाकूड दिसतं गुणी, पण एक पावसाळा बघितला की फिरतं. जुनं काय वळायचं ते वळून बसलेलं असतं." तीन पट्ट्या कापून, खाचा पाडून, सरस लावून त्यांनी मला जोडले आणि दोन दिवस दगडाखाली दाबून ठेवले. मला वाटले, आता मी तयार झालो. पण काकांनी मला एका फळीच्या कडेला टेकवून रेघ ओढली, मग मला उलटे करून त्याच जागी ठेवले आणि दुसरी रेघ ओढली. काटकोन खरा असेल तर दोन्ही रेघा एकमेकींवर पडतात. खोटा असेल तर त्यांच्यात फट दिसते, आणि ती चुकीच्या दुप्पट दिसते. माझ्या रेघा जुळल्या नाहीत. काकांनी मला कानशीने घासले, पुन्हा रेघा ओढल्या, पुन्हा घासले. तिसऱ्या खेपेला दोन रेघांची एक रेघ झाली. स्वतःच्या हातच्या कामावरसुद्धा त्या माणसाचा आंधळा भरवसा नव्हता. मला ते फार आवडले.

तिथून मी मुलींच्या एका शाळेत आलो, भूमितीच्या बाईंच्या हाती. बाई उंच, किडकिडीत, आणि त्यांच्या उजव्या बाहीवर कायम खडूची पांढरी पट्टी. त्यांनी मला हातात घेतले, सगळ्या बाजूंनी पाहिले आणि वर्गाच्या जमिनीवर तीच उलटसुलट परीक्षा पुन्हा घेतली. पास झाल्यावरच मला फळ्याशेजारच्या खिळ्यावर जागा मिळाली. माझ्या शेजारी लाकडी कंपास टांगलेला असे. त्याच्यावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. ज्याचा एक पाय खडूचा, तो वर्तुळ पुरे करील याची काय खात्री?

वर्गाच्या मागच्या भिंतीवर बाईंनी जगातल्या प्रसिद्ध इमारतींची चित्रे लावली होती. चौरस पायावर उभे असलेले पिरॅमिड, अर्ध्या चेंडूसारखे घुमट, कमानीवर कमानी रचलेले पूल. त्यांत एक कललेला मनोरा होता. तास संपेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत राही. लोक त्याच्यासमोर उभे राहून हसत फोटो काढतात, याचे मला आजही नवल वाटते.

पण बाईंना चित्रे पुरत नसत. दर वर्षी परीक्षा जवळ आली की त्या म्हणत, "पुस्तकातला त्रिकोण नुसता बसून असतो गं. बाहेरचा त्रिकोण काम करत असतो. चला, त्याला कामावर भेटून येऊ." मग मला काखोटीला मारून त्या मुलींची रांग घेऊन बाहेर पडत.

मित्रांनो, त्या वाटेवर किती आकार भेटत म्हणून सांगू. छत्रीवाल्याच्या दुकानात उघडी छत्री टांगलेली असे, तिच्या काड्या मोजल्या की अष्टकोन सापडे. रस्त्यातल्या गटाराचे झाकण गोल असे. बाई विचारत, "चौकोनी का नाही?" मुली डोकी खाजवत. मग एखादी म्हणे, "चौकोनी झाकण तिरकं धरलं तर आत पडेल. गोल कसंही धरा, पडत नाही." रंगाऱ्याची शिडी भिंतीला टेकलेली दिसली की भिंत, जमीन आणि शिडी मिळून काटकोन त्रिकोण होई. बसथांब्याच्या पत्र्याखाली लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोणच त्रिकोण. तिथे बाई पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडलेला चौकोन पिशवीतून काढत आणि त्याला बोटाने ढकलत. तो लगेच कलून समांतरभुज चौकोन होई. मग तीन पट्ट्यांचा त्रिकोण ढकलून दाखवत. तो तसूभरही हलत नसे. "चौकोनाला कोणी ढकललं की तो मान तुकवतो," बाई म्हणत. "म्हणून छताखाली त्रिकोण ठेवतात."

फेरीचा शेवट नेहमी सभागृहात होई. आमच्या गावाची तीच प्रसिद्ध इमारत. दिनदर्शिकांवर तिचे चित्र, पाकिटांवर तिचे चित्र, मिठाईच्या खोक्यावरसुद्धा तीच. दर्शनी बाजूला मोठा त्रिकोण, त्याच्याखाली दंडगोल खांब, वर अर्धगोल घुमट, भिंतीत वर्तुळाकार खिडक्या. आत वरच्या मजल्यावर प्रेक्षकांसाठी सज्जा आहे, त्याच्या जमिनीला षटकोनी फरशी. आणि जिन्यावरून त्या सज्जात जायला एक बुटके दार आहे.

त्या दाराशी माझे नाते जडले ते एका साध्या कारणाने. बाकीच्या दारांच्या चौकटी इतक्या उंच, की मुलींचे हात वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नसत. इथे पायरीवर उभे राहून कोणीही मला कोपऱ्यात टेकवू शके. म्हणून दर वर्षी एक मुलगी मला त्या कोपऱ्यात लावी, डोळा बारीक करून बघे आणि बाईंच्या वहीत लिही: "सज्जाचे दार. आकार आयत. गुण्या बरोबर बसला."

पहिली दोन वर्षे मी खरेच बरोबर बसलो. एका वर्षी मात्र मी कोपऱ्यात गेलो आणि माझ्या टोकाशी उजेडाची एक रेघ दिसली. केसाएवढी. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बाईंनाही ती रेघ दिसली असावी, कारण शाळेत परतल्यावर त्यांनी दार लावून घेतले आणि मलाच जमिनीवर उलटसुलट केले. म्हणजे संशय माझ्यावर होता. रेघा जुळल्या. बाईंनी मला खिळ्यावर टांगले, पण त्यांच्या कपाळावरची आठी काही मिटली नाही.

वहीत त्या वर्षी लिहिले गेले, "केसभर फट." पुढच्या वर्षी, "कागद जातो." त्याच्या पुढे, "पोस्टकार्ड जाते." बाई दर वेळी तेवढ्यासाठी व्यवस्थापकांच्या खोलीत जात. व्यवस्थापक म्हणजे सभागृह सांभाळणारे गृहस्थ, जाडजूड, शर्टाचे वरचे बटणही लावणारे. ते म्हणत, "लाकूड आहे बाई. फुगतं, आक्रसतं." बाई परत येत. लाकूड फुगते आणि आक्रसते, हे मलाही मान्य आहे. पण ते दर वर्षी एकाच बाजूला जात नाही.

सातव्या वर्षी मला कोपऱ्यात लावण्याची पाळी एका चष्मेवाल्या मुलीची होती. वर्गात सगळ्यांत शेवटी बसणारी, कमी बोलणारी. तिने मला टेकवले, फटीत पेन्सिल घातली. पेन्सिल सहज आत गेली. ती वही घेऊन बराच वेळ उभी राहिली.

"लिही ना," बाई म्हणाल्या.

"बाई, आयत लिहू की समांतरभुज चौकोन?"

मुली खो खो हसल्या. कोणीतरी म्हणाले, "हिचा चष्माच वाकडा आहे." बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पुठ्ठ्याचा चौकोन पिशवीतून काढला, दाराच्या चौकटीसमोर धरला आणि बोटाने किंचित ढकलला. दोन्ही आकार एकसारखे दिसू लागले. मुलींचे हसू हळूहळू थांबले.

तेवढ्यात मावशी बादली घेऊन जिना चढून आल्या. मावशी म्हणजे सभागृहाची झाडलोट करणाऱ्या. मला त्यांचा पहिल्यापासून संशय होता. हे दार लाथेने लावताना मी त्यांना दोनदा पाहिले होते, आणि माझ्या मते चौकट बिघडवणाऱ्या त्याच होत्या.

"काय बघताय एवढं?" मावशींनी विचारले.

"मावशी, हे दार नीट लागतं का हो?" बाई म्हणाल्या.

"नीट?" मावशींनी बादली खाली ठेवली. "सत्तावीस वर्षं हे दार लावतेय मी. आधी एका बोटानं लागायचं. मग हाताचा रेटा लागला, मग खांदा, आता लाथ. दर वर्षी सुतार बोलावतात. तो येतो, दार वरून तासतो आणि जातो. सहा महिने बरं, की परत तेच. मी म्हटलं त्याला, अरे बाबा, दारानं काय केलंय? वड्याचं तेल वांग्यावर कशाला काढतोस? चौकट बघ की. तर म्हणतो, मला दाराचंच काम सांगितलंय."

मित्रांनो, मी मनातल्या मनात खाली मान घातली. जिला मी गुन्हेगार समजत होतो, तिला सगळे आधीच कळले होते. तिला कोणी विचारले नव्हते इतकेच.

"सुतळी आहे का?" बाईंनी विचारले.

मावशींनी पडद्याला बांधलेली सुतळी सोडून दिली. बाई मुलींना म्हणाल्या, "गुण्यावर शंका येत असेल तर गुण्या बाजूला ठेवू. आयताचे दोन्ही कर्ण कसे असतात?"

"सारखे."

चष्मेवालीने सुतळीचे एक टोक चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात धरले, मावशींनी दुसरे खालच्या उजव्या कोपऱ्यात. बाईंनी तिथे गाठ मारली. मग तीच सुतळी दुसऱ्या कर्णावर ताणली. गाठ कोपऱ्याच्या पुढे गेली, दीड बोट. मला कोणीही हात लावला नव्हता, त्यामुळे मला दोष देण्याची सोय उरली नव्हती.

चौकटीचा एक खांब मुख्य भिंतीत होता, दुसरा सज्जाच्या तुळईवर. तुळईवरचा खांब खाली चालला होता. म्हणजे दार बिघडले नव्हते. सज्जा बसत होता.

आता यात घाई का होती, तेही सांगतो. सभागृहाला शंभर वर्षे पुरी होणार होती. पाच दिवसांनी मोठा समारंभ होता, आणि समारंभात आमच्या शाळेच्या एकशेवीस मुली स्वागतगीत गाणार होत्या. कुठे उभ्या राहून? तर सज्जात. म्हणजे सगळ्यांना दिसतील.

बाईंनी मुलींना खाली अंगणात पाठवले आणि मावशींना व मला घेऊन त्या व्यवस्थापकांच्या खोलीत गेल्या. वाटेत मला सज्जाच्या तोंडाशी एक दोरी बांधलेली दिसली. दोरीला पाटी होती, "रंगकाम चालू आहे". मी हुंगून पाहिले. रंगाचा वास नव्हता. भिंतीच्या तळाशी मात्र नव्या गिलाव्याचे एक ठिगळ होते, पोळपाटाएवढे. माझा संशय पक्का झाला. हा माणूस काहीतरी लपवत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाईंनी सगळे सांगितले. व्यवस्थापकांनी ऐकून घेतले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, तुम्ही भूमिती शिकवा. इमारत शंभर वर्षं उभी आहे. तुमचा गुण्याच वाकडा असेल."

 बाई खाली बसल्या, पिशवीतून खडू काढला आणि त्यांच्या टेबलासमोरच्या फरशीवर मला ठेवून रेघ ओढली. मला उलटे केले, दुसरी रेघ ओढली. मग बाजूला सरकल्या.

व्यवस्थापक खुर्चीवरून उठून आले. एवढे जड गृहस्थ, पण गुडघे टेकून खाली वाकले. रेघ एकच होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवले. बोटाला खडू लागला, तो त्यांनी बराच वेळ अंगठ्याने चोळला.

"मागचं दार लावा," ते मावशींना म्हणाले.

मला वाटले, आता हा आम्हाला धमकावणार. पण त्यांनी खणाला किल्ली लावली आणि दोन कागद बाहेर काढले. त्या त्यांनीच सभागृह चालवणाऱ्या समितीला लिहिलेल्या पत्रांच्या प्रती होत्या. एक दीड वर्षापूर्वीचे, एक सहा महिन्यांपूर्वीचे. दोन्हींत लिहिले होते की सज्जाच्या तुळईजवळ पन्हाळ गळते, भिंतीत पाणी मुरते, कृपया तज्ज्ञ पाठवावा.

"उत्तर?" बाईंनी विचारले.

"पहिल्याला आलं नाही. दुसऱ्याला आलं की गिलावा करून घ्या, समारंभात डाग दिसता कामा नये." ते खुर्चीत बसले. "मी गिलावा केला. आणि रात्री घरी जाऊन झोप लागेना. मग ती पाटी लावली. रंगकाम कसलं, बाई. लोकांनी सज्जात जाऊ नये म्हणून लावली. तेव्हापासून कोणी चढलेलं नाही तिथे. काल फोन आला, पाटी काढा, मुली उभ्या राहणार आहेत."

माझा अंदाज दुसऱ्यांदा चुकला होता. पाटी खोटी होती, पण माणूस खोटा नव्हता. घाबरलेला होता. घाबरलेला आणि लबाड माणूस लांबून अगदी सारखेच दिसतात. त्यांना वेगळे ओळखायला लागणारा गुण्या अजून कोणी बनवलेला नाही.

"तुम्ही हे मला आधीच का नाही सांगितलं?" बाईंचा आवाज चढला. "मी चार वर्षं तुमच्या दारात येतेय."

"तुम्ही कोणाला सांगाल, काय सांगाल, मला काय माहीत? मला वाटलं, तुम्हाला समितीनंच पाठवलंय. मी काय बोलतो ते बघायला."

"आणि मला वाटलं, तुम्ही समितीचे माणूस," मावशी मध्येच व्यवस्थापकांना म्हणाल्या. "म्हणून मी तुम्हाला दाराचं कधी बोलले नाही."

 एकाच दाराबद्दल तिघांना माहीत होते, आणि त्यांतल्या दोघांनी भीतीने तोंडाला कुलूप लावले होते. मित्रांनो, मी संशयाचा कैवारी आहे, पण त्या खोलीत मला संशयाची लाज वाटली. कोपऱ्यांवर घ्यायचा तो संशय त्यांनी एकमेकांवर घेतला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुख्याध्यापिकांना सांगितले की मुली सज्जात उभ्या राहणार नाहीत. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिले. "खरं सांगा, गाणं बसवायचं काम संगीताच्या बाईंना दिलं, ते तुम्हाला लागलं का?"

"नाही."

"मग ऐन वेळी हा खोडा कशाला? समिती काय म्हणेल?"

"समिती काय म्हणेल ते मला माहीत नाही. माझ्या वर्गातल्या एकेक मुलीच्या घरी जाऊन मी सांगणार आहे की तिला सज्जात पाठवू नका. तुम्ही मला थांबवू शकता. पण मग का थांबवलं, हे लिहून द्या."

लिहून द्यायला मुख्याध्यापिका तयार झाल्या नाहीत. त्या बराच वेळ पेनाचे टोपण उघडत आणि लावत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

बाईंनी वही पुढे केली. सात वर्षांच्या सात मुलींची सात हस्ताक्षरे. दोनदा "गुण्या बरोबर बसला". केसभर फट. कागद जातो. पोस्टकार्ड जाते. दोन पोस्टकार्डे जातात. आणि शेवटी चष्मेवालीचे तिरके अक्षर: "पेन्सिल जाते. आयत नाही. समांतरभुज चौकोन. कर्णांत दीड बोटाचा फरक." कोणा एकीने हे रचलेले असणे शक्य नव्हते. पहिल्या मुलीचे तर तोवर लग्न होऊन तिला बाळही झाले होते.

मुख्याध्यापिकांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून. "पत्र तयार करा," त्या म्हणाल्या.

पत्र समितीला नाही गेले. ते गेले बांधकाम खात्याच्या अभियंत्याला. पत्रात बुटक्या दाराची आकृती होती, ती काढायला मी होतो. खाली चार सह्या होत्या. बाईंची, मुख्याध्यापिकांची, व्यवस्थापकांची आणि मावशींची. मावशींनी सही करायला सगळ्यांत जास्त वेळ घेतला, पण सगळ्यांत सुवाच्य सही त्यांचीच होती. व्यवस्थापकांनी पेन उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. "माझी नोकरी गेली तर?" ते म्हणाले.  मग त्यांनी सही केली.

अभियंता समारंभाच्या दोन दिवस आधी आली. मध्यम वयाची स्त्री, पायांत चिखलाने माखलेले बूट, चेहऱ्यावर असा भाव की जगातल्या कुठल्याच भिंतीने तिला आजवर खरे सांगितलेले नाही. मला ती पाहताक्षणीच आवडली. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "हा तपासलाय का?"

"दोनदा," व्यवस्थापक पटकन म्हणाले.

तिने तरी स्वतःच्या अवजारांनी सगळे पुन्हा मोजले. मग छोट्या हातोडीने गिलाव्याच्या ठिगळावर ठोकले. आवाज पोकळ आला. तिने गिलावा खरवडला, आत तुळईचे टोक दिसले. तिने त्यात साधी किल्ली खुपसली. लाकडात किल्ली मुठीपर्यंत शिरली, ओल्या भाकरीत शिरावी तशी. पन्हाळीचे पाणी कितीतरी वर्षे तिथे झिरपत होते.

व्यवस्थापकांनी भिंतीला हात टेकला.

अभियंत्याने तिथल्या तिथे सज्जा बंद करण्याचा हुकूम लिहिला. समितीचे लोक धावत आले. शंभर वर्षांची शोभा, पाहुणे, निमंत्रणे, सगळे बोलून झाले. त्यांतला एक म्हणाला, "तुम्ही एका शाळेतल्या लाकडी गुण्यावर विश्वास ठेवताय?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणून तर मी माझा आणला."

दुसऱ्या दिवशी दुपारी कामगार सज्जाखाली टेकू लावायला आले. पहिला टेकू उभा राहतो न राहतो तोच वर कडाड असा आवाज झाला आणि सज्जाचा डावा कोपरा वीतभर खाली आला. षटकोनी फरश्या एकेक करून सुटल्या आणि खालच्या रिकाम्या खुर्च्यांवर पडल्या. कामगार टेकूच्या पलीकडे होते. कोणाला ओरखडाही आला नाही. वर कोणी नव्हते. एकशेवीस मुली त्या वेळी शाळेच्या पटांगणात गाण्याची तालीम करत होत्या, आणि तिसऱ्या कडव्यात नेहमीप्रमाणे चुकत होत्या.

समारंभ झाला, अंगणात. मुली दर्शनी त्रिकोणाखालच्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. भाषणांत मावशींचे नाव कोणी घेतले नाही, बाईंचेही नाही. छापील अहवालात आले, "नियमित पाहणीत दोष वेळीच लक्षात आला." बाईंनी ते वर्गात वाचून दाखवले आणि म्हणाल्या, "खरंच आहे की. सात वर्षं नियमित पाहणी तुम्हीच केलीत." चष्मेवाली त्या दिवसापासून पहिल्या बाकावर बसू लागली. व्यवस्थापकांची नोकरी गेली नाही. त्यांना समितीचे एक खरमरीत पत्र आले, ते त्यांनी त्याच खणात ठेवून दिले.

माझेही कौतुक झाले. आठवडाभर मुली मला बघायला येत, हात लावत. खरे सांगू, मला त्या कौतुकाचाही संशयच आला. आठवड्यानंतर तो खरा ठरला.

वर्षभराने सज्जा नव्याने बांधून झाला. उघडण्याच्या आदल्या दिवशी व्यवस्थापक स्वतः शाळेत आले आणि बाईंना म्हणाले, "एकदा येऊन बघून जाल का? आणि तो गुण्या घेऊन या."

आम्ही गेलो. मावशी आधीच जिन्यात उभ्या होत्या. दाराची चौकट नवी होती, लाकडाचा वास येत होता. बाईंनी मला कोपऱ्यात टेकवले. उजेडाची रेघ नव्हती. केसाएवढीसुद्धा नाही.

"बरोबर आहे ना?" व्यवस्थापकांनी विचारले.

"आज आहे," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी परत येऊ."

त्या परत आल्या. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी आल्या, नवी वही घेऊन.

आता बाई नाहीत शाळेत. मावशींनी काम सोडले, व्यवस्थापक मुलीकडे राहायला गेले. वर्गात आता मोठा पडदा आहे. त्यावर बोट ठेवले की हवा तसा त्रिकोण उमटतो, न चुकता, सुबक. मी नकाशांच्या कपाटात आहे, गुंडाळलेल्या नकाशांच्या मागे. माझा एक सांधा सैल झाला आहे आणि मुठीला कीड लागली आहे. माझी कोणी कीव करावी म्हणून हे सांगत नाही. मला पुसून, रंगवून काचेत ठेवा असेही म्हणत नाही. काचेतल्या गुण्याला कोणी प्रश्न विचारत नाही.

माझे मागणे वेगळे आहे. घराबाहेर पडलात की आकार शोधा. छत्रीत, शिडीत, झाकणात, घुमटात, जिन्याच्या कठड्यात. ते सुंदर आहेत, त्यांची मजा घ्या. पण मजा घेऊन झाली की जवळ जा आणि विचारा, "तू खरंच तोच आहेस ना?" दार अडू लागले तर आधी दार तासू नका, चौकट बघा. जो ते दार रोज लावतो, त्याला विचारा. आणि तुम्हाला काही दिसले, तर ते दुसऱ्यालाही दिसले असेल असे समजून गप्प राहू नका.

मित्रांनो, मी मोजतो आहे. सभागृहाच्या त्या बुटक्या दाराला चार वर्षे झाली, कोणी गुण्या लावलेला नाही. दार ठीक असेलही. चौकट नवी आहे, तुळई नवी आहे, पन्हाळ बदलली आहे. सगळे तसेच सांगतात.

पण कोणीतरी जाऊन बघून या.